दम्याचा पंप लागू पडत नाही? श्वासनलिका आवळण्याचा दुर्मीळ आजार आणि ऑपरेशनआधी घ्यायचं तज्ज्ञांचं मत

समजा, चाळिशीतल्या एका शिक्षिकेला वर्षभरापासून जिना चढताना दम लागतोय. सुरुवातीला वाटलं, वजन वाढलं असेल. मग दमा असेल म्हणून पंप सुरू झाला. पंप बदलून झाला, डोस वाढवून झाला, मध्येमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्याही घेऊन झाल्या. दम तसाच. आता तर वर्गात सलग बोलताना वाक्य मध्येच तुटतं आणि रात्री श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, असं घरचे सांगतात.

शेवटी एक डॉक्टर घशात दुर्बीण घालून बघतात आणि म्हणतात, "तुमची श्वासनलिका वरच्या भागात आवळली गेली आहे. ऑपरेशन करावं लागेल. परवाची तारीख देऊ का?"

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण या आजाराच्या अनेक रुग्णांचा प्रवास साधारण असाच असतो. आधी कित्येक महिने चुकीचं निदान आणि मग अचानक ऑपरेशनची घाई. इतके दिवस श्वासासाठी तळमळलेला माणूस अशा वेळी लगेच 'हो' म्हणतो. त्यात त्याची काही चूक नाही.

पण या आजारावर ऑपरेशनचे एकापेक्षा जास्त प्रकार आहेत. कोणतं ऑपरेशन आधी होतं, कोण करतं आणि आजाराचं कारण शोधून होतं की न शोधता, यावर पुढच्या कित्येक वर्षांचा श्वास आणि आवाज अवलंबून असतो. म्हणून जीवाला तातडीचा धोका नसेल, तर ऑपरेशनआधी या विषयातल्या तज्ज्ञाचं मत घेणं फार महत्त्वाचं आहे. ते का आणि कसं घ्यायचं, ते समजून घेऊया.

नेमकं काय बिघडतं?

आपल्या स्वरयंत्रातून हवा खाली श्वासनलिकेत जाते. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. तिच्यातल्या कूर्चेच्या कड्या इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या, मागच्या बाजूने उघड्या असतात. याला अपवाद एकच. स्वरयंत्राच्या तळाशी असलेली क्रिकॉइड नावाची कडी अंगठीसारखी पूर्ण गोल असते.

अडचण बऱ्याचदा याच जागी होते. या कडीच्या आत सूज आली किंवा व्रण भरताना चरबट, घट्ट पेशी वाढल्या, तर त्यांना बाहेरच्या बाजूला पसरायला जागाच नसते. त्या आतल्या बाजूला वाढतात आणि हवेची वाट अरुंद होते. याला वैद्यकीय भाषेत 'सबग्लॉटिक स्टेनोसिस' म्हणतात, म्हणजे स्वरतंतूंच्या खालचा भाग आकसणं. हाच प्रकार आणखी खाली, श्वासनलिकेतही होऊ शकतो.

थोड्याशा आकसण्याने इतका त्रास का होतो? नळीतून हवा संथ वाहत असते, तेव्हा नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, तर सोळापट होतो. हवा जोरात, भोवरे घेत वाहू लागली की परिस्थिती याहून वाईट होते. त्यामुळे बसल्या जागी ठीक वाटणारा माणूस दोन मजले चढला की धापा टाकतो.

दमा समजून फसगत का होते?

दोन्हींत दम लागतो, दोन्हींत आवाज येतो आणि दमा सर्रास आढळतो. त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी दमा येणं स्वाभाविक आहे. पण काही खुणा वेगळ्या असतात.

दम्यात आवाज मुख्यतः श्वास सोडताना आणि छातीतून येतो. वरची वाट अरुंद असेल तर तो बहुधा श्वास आत घेताना आणि गळ्यापाशी ऐकू येतो. दम्याचा त्रास कमी-जास्त होत राहतो, इथे तो हळूहळू वाढतच जातो. दम्याच्या पंपाने थोडा तरी आराम पडतो, इथे जवळपास काहीच फरक पडत नाही.

फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री ही चाचणी इथे मोठा सुगावा देते. तिच्यात हवेच्या वेगाचा एक आलेख निघतो. वरच्या वाटेत पक्का अडथळा असेल, तर हा आलेख श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही बाजूंनी चपटा दिसतो. मात्र अनेकदा फक्त श्वास सोडण्याचाच भाग नोंदवला जातो आणि रिपोर्टवरचे आकडे तेवढे वाचले जातात. तुमच्याकडे जुना स्पायरोमेट्रीचा कागद असेल, तर तो फेकू नका. आकडे वाचून झाले असले, तरी तो आलेख तज्ज्ञाने पुन्हा बघण्यासारखा असतो.

आणखी एक गैरसमज बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा. कोविडनंतर तो घरोघरी आला. पण वरची वाट बरीच अरुंद झालेली असतानाही ऑक्सिजनचा आकडा बराच काळ ९७-९८ राहू शकतो. "आकडा चांगला आहे, मग काही नाही" असं इथे म्हणता येत नाही.

हा आजार होतो कशाने?

कारणं अनेक आहेत आणि उपचार कारणावरच ठरतात.

पहिलं मोठं कारण म्हणजे व्हेंटिलेटरची नळी. आयसीयूत घशातून घातलेल्या नळीच्या टोकाजवळ हवेचा एक छोटा फुगा असतो. त्याचा दाब जास्त झाला किंवा नळी बरेच दिवस राहिली, तर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, जखम होते आणि ती भरताना नळी आवळते. त्रास लगेच दिसत नाही. रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दम लागायला सुरुवात होते. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली असेल, म्हणजे ट्रॅकिओस्टोमी झाली असेल, तरीही हे होऊ शकतं. म्हणून नव्याने दम लागणाऱ्या माणसाने "मी अमुक महिन्यात व्हेंटिलेटरवर होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं.

दुसरं कारण संसर्गाचं. क्षयरोग फक्त फुफ्फुसात होतो असं नाही. तो श्वासनलिकेच्या अस्तरातही होतो आणि बरा होताना तिथे व्रण ठेवतो.

तिसरं कारण शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचं. 'ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस' हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार त्यातला एक. यात नाकातून सतत खपल्या पडणं, सायनसचा त्रास, मूत्रपिंडाचा बिघाड अशा गोष्टीही असू शकतात. 'अँका' ही रक्ततपासणी याच्या शोधात मदत करते.

हे सगळं तपासूनही कारण सापडलं नाही, तर त्याला 'इडिओपॅथिक', म्हणजे अज्ञात कारणाचा, सबग्लॉटिक स्टेनोसिस म्हणतात. हा अतिशय दुर्मीळ आहे. दरवर्षी साधारण चार लाखांत एक, असा अंदाज दिला जातो. तो जवळपास फक्त स्त्रियांना, बहुतेकदा मध्यम वयात होतो. असं का, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही.

कारण शोधण्यावर एवढा भर का? समजा, मूळ आजार रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आहे आणि तो अजून धगधगतोय. अशा वेळी आवळलेला भाग कापून काढला, तरी उरलेल्या भागात तोच आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. तिथे आधी औषधांनी आजार शांत करावा लागतो. व्हेंटिलेटरच्या नळीमुळे झालेल्या जखमेचंही तसंच. ती ताजी, लालभडक असताना कापाकापी करण्यापेक्षा सूज ओसरेपर्यंत थांबणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं.

ऑपरेशन म्हणजे नेमकं कोणतं?

"ऑपरेशन करावं लागेल" या एका वाक्यात किमान चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात.

एक, दुर्बिणीतून रुंद करणं. तोंडावाटे दुर्बीण घालून आवळलेल्या जागी छोटे छेद देतात आणि फुग्याने ती ताणतात. बाहेरून कुठेही काप नसतो. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. आराम लगेच पडतो, पण जागा पुन्हा आवळू शकते. कोणाला काही महिन्यांत, कोणाला काही वर्षांनी पुन्हा तेच करावं लागतं.

दोन, दुर्बिणीतून व्रण लेझरने काढणं आणि त्यानंतर दीर्घकाळ औषधं देणं. काही ठिकाणी व्रणात ठरावीक आठवड्यांच्या अंतराने स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. यातली काही इंजेक्शनं फक्त जागा बधिर करून बाह्यरुग्ण विभागातही देता येतात.

तीन, कापून जोडणं. मानेवर समोरून काप घेऊन आवळलेला भाग, आणि गरज असेल तर क्रिकॉइड कडीचा पुढचा भाग, काढून टाकतात आणि निरोगी टोकं एकमेकांना शिवतात. हे मोठं ऑपरेशन आहे. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून काही ठिकाणी हनुवटी साधारण आठवडाभर छातीच्या बाजूला झुकलेली ठेवतात, त्यासाठी तिथे एक टाकाही घालतात. जागा पुन्हा आवळण्याची शक्यता यात सगळ्यात कमी असते. पण धोकेही मोठे असतात. जोड सुटणं, स्वरयंत्राच्या नसेला इजा होणं, काही दिवस गळ्याला छिद्र ठेवावं लागणं हे होऊ शकतं. क्रिकॉइडचा भाग काढला, तर आवाज जाडा होऊ शकतो आणि वरची पट्टी गमावली जाऊ शकते.

चार, आधाराची नळी बसवणं. यात सिलिकॉनचे स्टेंट, गळ्यातून बाहेर तोंड असलेली टी आकाराची नळी आणि धातूचे स्टेंट येतात. कापून जोडणं शक्य नसलेल्यांसाठी किंवा मधल्या काळापुरता यांचा उपयोग होतो.

आपल्या शिक्षिकेच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रोज पाच तास वर्गात बोलणाऱ्या बाईसाठी आवाज म्हणजे पोट आहे. दर वर्षी-दोन वर्षांनी एक छोटी प्रक्रिया तिला परवडेल की एकदाच मोठं ऑपरेशन करून आवाजात बदल पत्करणं बरं? याचं उत्तर तिच्यासाठी वेगळं असेल आणि शेतावर अंगमेहनत करणाऱ्या माणसासाठी वेगळं. पण तिला पर्याय माहीत असतील, तरच ती निवड करू शकेल.

आकडे काय सांगतात?

दुर्मीळ आजारात मोठे अभ्यास कठीण असतात, कारण एका रुग्णालयात पुरेसे रुग्णच सापडत नाहीत. या आजारात मात्र अमेरिकेच्या पुढाकाराने अनेक केंद्रांनी एकत्र येऊन अज्ञात कारणाच्या ८१० रुग्णांचा तीन वर्षं मागोवा घेतला. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९८ टक्के रुग्ण स्त्रिया होत्या.

फक्त दुर्बिणीतून रुंद केलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के रुग्णांना तीन वर्षांत पुन्हा प्रक्रिया करावी लागली. व्रण काढून सोबत दीर्घकाळ औषधं दिलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १२ टक्के होतं. कापून जोडलेल्या ८६ जणांपैकी फक्त एकाला पुन्हा ऑपरेशन लागलं. पण आवाजाच्या बाबतीत याच गटाचे निकाल सगळ्यात कमी समाधानकारक होते आणि ऑपरेशनच्या काळातला धोकाही यातच जास्त होता.

म्हणजे एक पद्धत सगळ्याच बाबतींत सरस ठरली नाही. प्रत्येक पद्धतीत काही मिळतं, काही सोडावं लागतं.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्या. या अभ्यासातले बहुसंख्य रुग्ण गोरे होते आणि सगळ्यांचा आजार अज्ञात कारणाचा होता. व्हेंटिलेटरची नळी किंवा क्षयरोगामुळे श्वासनलिका आवळलेल्या आपल्याकडच्या रुग्णाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

पहिलं ऑपरेशन इतकं महत्त्वाचं का?

अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेची मोठी परंपरा आहे. हर्मिस ग्रिलो या शल्यविशारदांनी तिथे या शाखेचा पाया घातला. तिथे श्वासनलिका कापून जोडलेल्या ९०१ रुग्णांचा आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९५ टक्के रुग्णांचा निकाल चांगला होता. जोडाच्या जागी गुंतागुंत झाली ती सुमारे ९ टक्के रुग्णांत. पण जे दुसऱ्यांदा ऑपरेशनसाठी आले होते, त्यांच्यात ही शक्यता सुमारे तिप्पट होती. मधुमेह असलेल्यांमध्येही ती साधारण तेवढीच वाढलेली आढळली.

याचं कारण सोपं आहे. श्वासनलिका रबरासारखी हवी तेवढी ताणता येत नाही. तिचा किती भाग काढून टोकं जोडता येतील, याला मर्यादा असते. पहिल्या वेळी चुकीचा भाग गेला किंवा जोड बिघडला, तर पुढच्या वेळी हाताशी लांबी कमी उरते आणि सगळीकडे जुन्या व्रणांचं जाळं असतं.

इथे दम्याच्या चुकीच्या निदानाचाही एक परिणाम लपलेला आहे. महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या शरीरात जखम नीट भरत नाही. म्हणून कापून जोडण्याआधी या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करण्याची गरज पडू शकते. त्या स्वतःहून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं.

धातूच्या स्टेंटबद्दल विशेष सावध राहा. ते बसवायला सोपे असतात, आराम झटकन पडतो. पण काही काळाने पेशी त्यांच्या जाळीतून आत वाढतात आणि मग तो काढणं कठीण होतं. कर्करोग नसलेल्या आकसण्यात धातूचे स्टेंट इतर सगळे पर्याय नीट तपासल्यावरच वापरावेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २००५ मध्येच दिला होता.

आणि "जगात पहिल्यांदाच" अशा बातम्यांबद्दलही सावध राहा. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या सर्जनने २०११-१२ मध्ये तीन रुग्णांना प्लास्टिकपासून बनवलेली कृत्रिम श्वासनलिका बसवली. जगभर कौतुक झालं. पुढे तिन्ही रुग्ण दगावले. २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. त्या काळी कौतुकाचे व्हिडिओ बघणाऱ्याला यातलं काहीच कळलं नसतं.

दुसरं मत कोणाकडून घ्यायचं?

नुसता दुसरा डॉक्टर गाठून उपयोग नाही. दुर्मीळ आजारात दोन चांगले डॉक्टर असे असू शकतात की दोघांनीही आयुष्यात असे एक-दोनच रुग्ण बघितले आहेत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. डॉक्टर साधारणपणे स्वतःला उत्तम येणारा उपचार आधी सुचवतात. यात लबाडी असतेच असं नाही. दुर्बिणीचं काम करणाऱ्याला फुगा आठवतो, छातीच्या सर्जनला कापून जोडणं. म्हणून दुसरं मत शक्य तर दुसऱ्या पद्धतीच्या डॉक्टरांचं घ्या. पहिल्यांनी दुर्बिणीची प्रक्रिया सुचवली असेल, तर कापून जोडण्याचा अनुभव असलेल्याला भेटा, आणि उलटही.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञ, छातीविकार तज्ज्ञ, छातीचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून अशा रुग्णांचा विचार करतात असं रुग्णालय. भूलतज्ज्ञ इथे नावापुरता नसतो. ज्या वाटेतून सर्जनला काम करायचं असतं, त्याच वाटेतून भूलतज्ज्ञाला रुग्णाचा श्वास चालू ठेवायचा असतो. सुरुवात मोठ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापासून करता येते, कारण तिथे हे बहुतेक विभाग एकाच आवारात असतात.

प्रवास अवघड असेल, तर आधी व्हिडिओवर सल्ला घेता येतो. टेलिमेडिसिनचे अधिकृत नियम आपल्याकडे मार्च २०२० पासून आहेत. रिपोर्ट आणि स्कॅन पाहून पुढे प्रत्यक्ष यायची गरज आहे का, एवढं तरी त्यातून कळतं. अंतिम निर्णय मात्र तज्ज्ञाने स्वतः दुर्बिणीतून बघितल्यावरच व्हायला हवा.

कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे

दुसऱ्या मतासाठी सोबत काय न्यायचं? सीटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, मूळ चित्रांची सीडी किंवा लिंक घ्या. दुर्बिणीच्या तपासणीचा व्हिडिओ मागा. स्पायरोमेट्रीचे आलेख, रक्ततपासण्या, बायोप्सीचा रिपोर्ट, आधीच्या सगळ्या डिस्चार्ज कार्डांच्या प्रती आणि चालू औषधांची यादी एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा. व्हेंटिलेटरवर किती दिवस होता, तेही लिहून ठेवा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत त्याला त्याच्या नोंदी द्यायला हव्यात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे.

आणि संमतीपत्रक वाचल्याशिवाय सही करू नका. 'फक्त दुर्बिणीने बघतो' म्हणून दिलेल्या कागदावर 'गरज पडल्यास रुंद करणे, स्टेंट बसवणे' असंही छापलेलं असू शकतं. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे, जीव वाचवण्याची तातडी असेल तेवढाच अपवाद, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समिरा कोहली खटल्यात सांगितलं आहे. तुम्हाला आज फक्त तपासणी हवी असेल, तर ते आधीच सांगा आणि कागदावर तसं लिहून घ्या.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे प्रश्न लिहूनच न्या. घरातलं एक माणूस सोबत ठेवा आणि उत्तरं त्याला टिपून घ्यायला सांगा.

१. माझी नळी नेमकी कुठे, किती लांबीपर्यंत आणि किती टक्के आवळली आहे? स्वरतंतूंपासून ती जागा किती दूर आहे?
२. कारण काय असावं? अँका, क्षयरोग आणि बायोप्सी यांपैकी काय तपासलं, काय बाकी आहे?
३. स्वरतंतू नीट हलतात का?
४. मला लागू पडतील असे सगळे पर्याय कोणते? त्यातला तुम्ही करत नाही असा पर्याय कोणता?
५. अशा किती रुग्णांवर तुम्ही उपचार केले? त्यातल्या किती जणांना पुन्हा प्रक्रिया लागली?
६. माझ्या आवाजावर काय परिणाम होईल? गिळण्यावर?
७. ही प्रक्रिया फसली, तर पुढे कोणता मार्ग उरेल आणि कोणता बंद होईल?
८. महिनाभर थांबलो तर काय धोका आहे?
९. खर्च किती आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा माझ्या विम्यात हे बसतं का?

चौथा आणि सातवा प्रश्न विचारायला संकोच वाटेल. तेच सगळ्यात जास्त उपयोगाचे आहेत.

पहिल्या डॉक्टरांना राग येईल का?

आपल्याकडे अनेक जण या भीतीनेच गप्प बसतात. 'डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल' असं वाटतं. सरळ सांगा, "डॉक्टर, आजार दुर्मीळ आहे असं तुम्हीच म्हणालात. घरच्यांची इच्छा आहे की अजून एका तज्ज्ञांना दाखवावं. तुम्ही कोणाचं नाव सुचवाल?" अनुभवी डॉक्टर बहुधा स्वतःच नाव देतात. अनेकदा फोन करून वेळही मिळवून देतात.

दोन मतं वेगळी आली, तर गोंधळून तिसरं, चौथं, पाचवं मत गोळा करत बसू नका. आधी बघा, फरक कशात आहे? निदानात आहे की उपचारात? निदानातच फरक असेल, तर राहिलेली तपासणी पूर्ण करून घ्या. निदान एकच पण उपचार वेगळे असतील, तर एकाचं मत दुसऱ्याला दाखवून "यात तुमचा आक्षेप कशाला आहे?" असं विचारा. त्या उत्तरातून बरंच काही कळतं. मग तुमचं काम, आवाज, वय, मधुमेह आणि पुन्हापुन्हा रुग्णालयात येण्याची तयारी यावरून निवड करा.

कधी अजिबात थांबायचं नाही?

वर सांगितलेलं सगळं, थांबायला वेळ असेल तेव्हाचं. बसल्या जागी श्वास घेताना मोठा आवाज येत असेल, एक वाक्य पुरतं बोलता येत नसेल, आडवं होता येत नसेल, गळ्याजवळची आणि बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. घट्ट कफाने किंवा घशाच्या संसर्गाने आधीच अरुंद असलेली वाट काही तासांत बंद होऊ शकते.

तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: "श्वासनलिका वरच्या भागात अरुंद आहे, दमा नाही." कारण अशा रुग्णाला नेहमीच्या मापाची नळी घालता येत नाही. निदान झालेल्या प्रत्येकाने हे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात आणि मोबाइलच्या मागे ठेवावं. पुढे कधी दुसऱ्या कोणत्याही ऑपरेशनसाठी भूल घ्यायची वेळ आली, तरी भूलतज्ज्ञाला हे सगळ्यात आधी सांगावं.

अशा तातडीच्या वेळीही बहुधा आधी दुर्बिणीतून वाट थोडी मोकळी करतात किंवा गळ्याला छिद्र पाडून श्वास सुरक्षित करतात. जीव वाचला, श्वास स्थिर झाला की कायमचा उपचार कोणता करायचा हे ठरवायला पुन्हा वेळ मिळतो. दुसरं मत तेव्हाही घेता येतं.

परत त्या शिक्षिकेकडे येऊया. डॉक्टरांनी विचारलं होतं, "परवाची तारीख देऊ का?" तिने विचारायला हवं, "परवापर्यंत थांबता येत असेल, तर पंधरा दिवस थांबता येईल का? आणि नाही, तर का नाही?" उत्तर 'थांबता येईल' असं आलं, तर सीडी, व्हिडिओ आणि फाईल घेऊन तिने आधी तज्ज्ञ गाठावा. तुमच्या ओळखीत पंप घेऊनही दम न थांबणारं कोणी असेल, विशेषतः पूर्वी व्हेंटिलेटरवर राहिलेलं, तर त्यांना एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला नक्की सांगा.